क्लच ‘टाइट’ करण्याआधी

गॅरेजात गाडी लावताना कानावर हमखास पडणारं वाक्य म्हणजे ‘जरा क्लच टाइट करून द्या’. पिकअप कमी वाटतो, टाइट करा. गिअर कडक पडतो, टाइट करा. लिव्हर सैल लागतो, टाइट करा. समोर चार गाड्या खोळंबलेल्या असताना मेकॅनिक तरी कशाला वाद घालेल? तो हँडलजवळचा ॲडजस्टर दोन वेढे फिरवतो, लिव्हर कडक लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. यातल्या कितीतरी गाड्यांचा क्लच खरं तर सैल करायला हवा असतो. मग काही दिवसांनी चढावर गाडी नुसतीच रडायला लागते आणि ‘क्लच प्लेटा गेल्या’ असं निदान होतं. प्लेटा गेलेल्या असतातच, पण त्या का गेल्या हे कुणी विचारत नाही.

क्लचची जुळणी हे घरी, अंगणात, दोन पान्ह्यांनी होणारं काम आहे. तेवढ्यासाठी कुणाकडे जायची गरज नाही. मात्र पान्हा हातात घेण्याआधी क्लच काय सांगतो आहे ते वाचता आलं पाहिजे, आणि ते वाचायची जागा एकच आहे: लिव्हरची मोकळीक. गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’.

इथे बोलतो आहोत ते तारेवर चालणाऱ्या क्लचबद्दल. स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, प्लॅटिना, पल्सर, एनफिल्डची बुलेट आणि क्लासिक अशा आपल्याकडच्या बहुसंख्य मोटरसायकली त्यात आल्या. हायड्रॉलिक क्लचच्या महागड्या गाड्या आणि क्लचचा लिव्हरच नसलेल्या स्कूटर यांना हे लागू नाही.

आत काय चाललेलं असतं

इंजिनाच्या बाजूच्या झाकणाआड, बऱ्याच गाड्यांत उजव्या अंगाला, प्लेटांची चळत असते. भाकऱ्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या, पण दोन जातींच्या: एक अस्तर लावलेली, एक साधी पोलादी, पुन्हा अस्तराची, पुन्हा पोलादी. अस्तराच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी प्लेटा गिअरबॉक्सच्या दांड्याबरोबर. स्प्रिंगा ही चळत कायम दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा केबल इंजिनावरचा छोटा दांडा फिरवते, तो प्रेशर प्लेट उचलतो, दाब जातो आणि प्लेटा एकमेकींवरून मोकळ्या घसरतात. हे सगळं ऑइलमध्ये बुडून चालतं, आणि बहुतेक गाड्यांत ते ऑइल इंजिनाचंच असतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रेशर प्लेट उचलली जाते ती फार नाही, दोनेक मिलिमीटर. ती जागा सगळ्या प्लेटांत वाटली जाते, म्हणजे एकेकीच्या वाट्याला मिलिमीटरचा लहानसा अंश येतो. म्हणून वर लिव्हरपाशी थोडीशी चूक झाली तरी खाली तिचा परिणाम मोठा होतो.

लिव्हर सुरुवातीला थोडं अंतर सहज येतो, हाताला काहीच जोर लागत नाही, आणि मग एका ठिकाणी स्प्रिंगांचा विरोध जाणवतो. त्या सहज येणाऱ्या अंतराला मोकळीक म्हणायचं. ही मोकळीक म्हणजे जुनाट गाडीचा ढिलेपणा नव्हे. लिव्हर सोडल्यावर केबलने प्रेशर प्लेटला जराही ताणून धरू नये, स्प्रिंगांना आपला पूर्ण दाब देता यावा, याची ती खात्री असते. मोकळीक शून्य केली की तुम्ही क्लच अष्टौप्रहर किंचित दाबून ठेवल्यासारखंच होतं.

ती मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. काही कंपन्यांची पुस्तिका लिव्हरच्या गोल टोकाशी मोजायला सांगते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत तिथे १० ते २० मिलिमीटर हा आकडा दिलेला असतो. दुसऱ्या काही पुस्तिका लिव्हरचं मूळ आणि त्याची बैठक यांच्यातली फट मोजायला सांगतात, आणि तिथे २ ते ३ मिलिमीटर असा आकडा येतो. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, कारण लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून त्याचं टोक लांब असतं आणि केबलचं निपल, म्हणजे तारेच्या टोकाची गुंडी, अगदी जवळ. पण ‘२ ते ३’ हा आकडा लक्षात ठेवून लिव्हरच्या टोकाशी मोजलं, तर मोकळीक जवळजवळ नाहीशीच होते. तुमच्या गाडीचा आकडा कोणता आणि तो कुठे मोजायचा, हे दोन्ही पुस्तिकेत बघा. आकड्याला मापाची जागा चिकटलेली असते.

मोकळीक कोणत्या बाजूला चालली आहे?

एकदा बरोबर जुळवलेल्या क्लचची मोकळीक आपोआप बदलते, आणि कशी बदलते त्यावरून आत काय झिजतंय ते कळतं. केबलची आतली तार ताणली गेली, बाहेरचं आवरण दबलं किंवा तारेचे धागे तुटू लागले, तर मोकळीक वाढते. प्लेटांचं अस्तर झिजलं, तर मोकळीक कमी होते.

दुसरी गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. झिजल्यावर सैल व्हायला हवं ना? नाही. अस्तर पातळ झालं की चळतीची उंची घटते, प्रेशर प्लेट तेवढी सरकते, आणि तिला ढकलणाऱ्या सुट्या भागांमधली जागा संपत जाते. म्हणून क्लचला हात न लावताही लिव्हर दिवसेंदिवस घट्ट होत चालला असेल, तर ती चांगली बातमी समजू नका. अशी मोकळीक संपत आलेल्या गाडीला ‘पिकअप नाही’ म्हणून आणखी टाइट करणं म्हणजे उरलेलं अस्तरही जाळून टाकणं.

उलट बाजूला, दर दोन-चार दिवसांनी लिव्हर सैल पडतोय आणि तुम्ही ॲडजस्टर थोडा थोडा बाहेर काढत चालला आहात, असं असेल तर केबल एकेक धागा करून तुटते आहे. ती कधी तरी सिग्नलला किंवा घाटात शेवटचा धागा सोडेल. जुळणीचं काम थांबवा, नवीन केबल आणा.

मोकळीक तपासणं हे पाच सेकंदांचं काम आहे. टायरची हवा बघता तेव्हा एका बोटाने लिव्हर ओढून बघावा.

सरकतो, धरतो की जड लागतो

तक्रारी तशा तीनच. बाकी सगळ्या त्यांच्या पोटात बसतात.

क्लच सरकतो म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. हे आधी दिसतं ते वरच्या गिअरमध्ये, भार असताना. सपाट रस्त्यावर एकट्याने जाताना कदाचित कळणारही नाही. खंबाटकी किंवा आंबोलीच्या चढावर, मागे कुणी बसलेलं असताना, थ्रॉटल उघडला की कळतं. घरच्या घरी तपासायचं तर मोकळ्या रस्त्यावर शेवटच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल झटकन उघडून बघा. इंजिनाचा आवाज गाडीला मागे टाकून वर उसळला, तर क्लच सरकतोय. आवाजच चढला नाही, गाडी नुसतीच मरगळलेली राहिली, तर क्लचला दोष देऊ नका. एअर फिल्टर, प्लग, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन आणि घासत राहिलेला ब्रेक हे आधी बघा. पिकअप गेला म्हणून निष्कारण बदललेल्या प्लेटांची संख्या आपल्याकडे फार मोठी असावी, असा माझा संशय आहे. थ्रॉटल उघडताना-मिटताना खाडखाड झटका बसत असेल तर चेनही बघा. सैल चेनचा झटका क्लचच्या नावावर सहज खपतो.

क्लच धरतो म्हणजे लिव्हर पूर्ण ओढूनही प्लेटा सुटत नाहीत. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो, गाडी पुढे उडी घेते किंवा बंदच पडते. सिग्नलला उभं असताना न्यूट्रल सापडत नाही. यातली एक खूण फार नेमकी आहे: इंजिन चालू असताना न्यूट्रल लागत नाही, पण इंजिन बंद केलं की लगेच लागतं. असं होत असेल तर गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच पुरता सुटत नाही. बहुतेक वेळा कारण जास्त मोकळीक हेच असतं. लिव्हरचा निम्मा प्रवास मोकळ्यातच संपतो आणि खाली प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जात नाही. इथे मात्र ‘टाइट करा’ हे बरोबर आहे.

सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना होणारा आवाज यात धरू नका. थंड, घट्ट ऑइलमुळे प्लेटा एकमेकींना चिकटून असतात. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर त्या चांगल्याच चिकटतात. मग आधी न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं तापवून बंद करा, पहिला किंवा दुसरा गिअर टाका, लिव्हर पूर्ण ओढून धरा आणि गाडी पुढे-मागे हलवा. बऱ्याचदा तेवढ्याने प्लेटा सुटतात.

तिसरी तक्रार लिव्हर जड लागण्याची. शहरातल्या वाहतुकीत डावं मनगट भरून येतं ते यामुळे. इथे जुळणीने काहीच होत नाही, उलट मोकळीक कमी करून बसाल. दोष केबलचा की इंजिनाकडचा, हे ओळखायला केबल खालच्या टोकाला सोडवा आणि आतली तार हाताने वर-खाली ओढून बघा. तार खरखरत, अडखळत येत असेल तर केबल कोरडी किंवा गंजलेली. तार लोण्यासारखी सरकत असेल तर इंजिनावरचा दांडा हाताने हलवून बघा, दोष तिकडे आहे.

ॲडजस्टर नेमकं काय करतो

ही बाहेर आवरण आणि आत तार अशी केबल अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांच्या नावाने ओळखली जाते. १८९६ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. तिची गंमत अशी की आतली तार जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने बाहेरचं आवरण उलट ढकलत असतं. म्हणूनच आवरणाची दोन्ही टोकं पक्क्या आधारावर टेकलेली असावी लागतात. ॲडजस्टर तारेला हातच लावत नाही. तो आवरणाचा आधार पुढे-मागे करतो. ॲडजस्टर बाहेर काढला की आवरणाचा रस्ता लांबतो, तार तेवढीच राहते, तिच्यातली ढील संपते आणि मोकळीक कमी होते. आत घातला की उलट. एवढं डोक्यात बसलं की कोणत्या दिशेला फिरवायचं हे पाठ करावं लागत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. केबलचा रस्ता बिघडला, म्हणजे ती हेडलाइटमागे कुठे अडकली, टाकीखाली चेपली किंवा कुणी तिला प्लॅस्टिकच्या पट्टीने फ्रेमला करकचून बांधलं, तर हँडल वळवताना मोकळीक बदलते. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे नेऊन दोन्हीकडे लिव्हरची मोकळीक बघा. फरक पडत असेल तर आधी केबल नीट मार्गी लावा, मग जुळणी. नाहीतर यू-टर्न घेताना गाडी आपोआप क्लच दाबेल किंवा सोडेल.

आता पान्हा

इंजिन थंड असू द्या. सायलेन्सरचा चटका बसायला नको आणि हातही घाईत नसावा. गाडी मधल्या स्टँडवर लावा. पान्हे कोणत्या मापाचे ते गाडीवर अवलंबून आहे, पण दहा आणि बारा नंबरचे जवळ असले की बहुतेक काम भागतं.

सुरुवात लिव्हरपासून करा, पण ॲडजस्टरपासून नको. रबरी टोपी मागे सरकवा आणि तार निपलपाशी नीट बघा. एखादा धागा बाहेर आलेला दिसला, बोटाला टोचला, तर पुढचं सगळं व्यर्थ. लिव्हर खिळीवर वर-खाली हलतो का, पडल्यामुळे वाकलाय का, त्याची बैठक हँडलवर पक्की आहे का, हेही बघा. झिजलेल्या खिळीची ढील ही खोटी मोकळीक असते. केबल टाइट करून ती भरून काढली की खऱ्या मोकळिकीचा बळी जातो. बाजारात मिळणारे आखूड, रंगीत लिव्हर दिसायला झकास असतात, पण निपलचं भोक खिळीपासून मूळ अंतरावर नसेल तर लिव्हर जड लागतो किंवा केबल कमी ओढली जाते. माझं मत विचाराल तर कंपनीचाच लिव्हर घ्या.

आता वरच्या ॲडजस्टरची चकती सैल करून ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत घाला, एखादा वेढा बाहेर राहू द्या. गॅरेजात ही पायरी नेमकी गाळली जाते. वरचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी आहे. मोठा फरक खालून करायचा असतो. वरच्यालाच ओढत राहिलं की तो चार-पाच आट्यांवर लटकतो आणि एक दिवस आटे तरी जातात किंवा तोच मोडतो.

खाली, केबल इंजिनाला जिथे येते तिथे, एका पट्टीच्या दोन बाजूंना दोन नट असतात. एकाला चेकनट म्हणतात. तो सैल करा आणि दुसऱ्या नटाने आवरण पुढे-मागे करत मोकळीक पुस्तिकेतल्या आकड्याच्या जवळपास आणा. इंजिनावरचा दांडा हाताने हलवून बघा, त्यालाही किंचित ढील जाणवली पाहिजे. ती वरच्या लिव्हरच्या मोकळिकीइतकीच महत्त्वाची आहे. मग चेकनट घट्ट करा, पण नुसत्या बळावर नको. एका पान्ह्याने एक नट धरून दुसरा आवळा, नाहीतर जुळवलेलं सगळं फिरून जातं. शेवटी वर जाऊन ॲडजस्टरने बारीक फरक करा आणि चकती कसा.

एक छोटी गोष्ट राहते. वरच्या ॲडजस्टरला आणि त्याच्या चकतीला केबल काढता यावी म्हणून खाच असते. काम झाल्यावर त्या खाचा एका रेषेत ठेवू नका, आणि तोंड वर तर नकोच. केबल निसटू शकते, आणि पावसाचं पाणी सरळ आत जातं.

जुन्या ओतीव लोखंडाच्या बुलेटसारख्या गाड्यांत तिसरीही जागा असते. गिअरबॉक्सच्या झाकणावरच्या छोट्या पट्टीआड एक स्क्रू आणि त्याचा लॉकनट असतो. तिथे आधी केबल पूर्ण सैल करून स्क्रूची जुळणी करायची आणि केबलची जुळणी त्यानंतर. क्रम चुकला की दोन्ही जुळण्या एकमेकींना खोटं ठरवतात.

तपासणी अशी: इंजिन बंद, गिअर पडलेला, लिव्हर ओढलेला. गाडी ढकलली की फार विरोध न करता चालली पाहिजे. मग मधल्या स्टँडवर इंजिन चालू करून, लिव्हर पूर्ण ओढून पहिला गिअर टाका. ऑइलमुळे मागचं चाक हळू फिरत असेल तर हरकत नाही, मागचा ब्रेक हलकेच दाबल्यावर ते थांबलं पाहिजे आणि इंजिन चालू राहिलं पाहिजे. चाक हाताने किंवा बुटाने थांबवायला जाऊ नका, बोटं चेनमध्ये जायला क्षण लागत नाही. हे झालं की रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, मघाची थ्रॉटलची परीक्षा. लिव्हर सोडताना गाडी कुठे धरते, अगदी सुरुवातीला की अगदी शेवटी, याची चर्चा फार होते. मोकळीक बरोबर असेल तर ही जागा जिथे असेल तिथे हाताने सवय करून घ्यायची. तिच्यासाठी मोकळीक मोडायची नाही.

केबलचं तेलपाणी

कोकणात आणि घाटमाथ्यावर केबल मरते ती वयाने नव्हे, पावसाने. रबरी टोपी फाटली की पाणी वरून आत उतरतं, मधल्या वळणात साचतं आणि तार आतून गंजते. बाहेरून काहीच दिसत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा केबलला तेल द्या. वरचं टोक सोडवा, प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो आवरणाच्या तोंडाला चिकटपट्टीने गुंडाळा, की नरसाळं तयार. त्यात शिलाई मशीनचं किंवा पातळ इंजिन ऑइल थोडं थोडं सोडा, तार वर-खाली करा, खालच्या टोकातून तेल ठिबकेपर्यंत वाट बघा. गंजलेलं तपकिरी तेल येत राहिलं तर केबलचे दिवस भरले. काही नव्या केबलना आत नायलॉनचा थर असतो आणि त्यांना तेल देऊ नका असं कंपनीच सांगते, ते पाळा. फवारा मारायचे डबे मळ काढायला चांगले, पण त्यांचं वंगण टिकत नाही. निपल आणि लिव्हरची खिळी यांना मात्र ग्रीसच हवं. निपल आपल्या जागेत फिरेनासं झालं की लिव्हरच्या प्रत्येक ओढीला तार तिथेच वाकते आणि तिथेच तुटते.

जुळणी जिथे संपते

मोकळीक बरोबर आहे, केबल नवी आहे, तरी क्लच सरकतोय? मग आधी ऑइलचा डबा बघा. घरात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असली की एकच ऑइल दोन्हींत घालायचा मोह होतो. डब्यावर जपानच्या ‘जासो’ या मानकाची खूण असते. एमए किंवा एमए-२ हे ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी, एमबी हे कमी घर्षणाचं, मुख्यतः स्कूटरसाठी. एमबी किंवा मोटारीचं घर्षण कमी करणारं ऑइल पडलं की चांगल्या प्लेटाही घसरतात. योग्य ऑइलवर आल्यावर दोष जाऊ शकतो. नाही गेला तर मात्र झाकण उघडावं लागतं.

तिथून पुढचं काम बहुतेकांनी मेकॅनिकवर सोडावं, पण समोर उभं राहून. अस्तराच्या प्लेटांची जाडी मापून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडता येते, नुसत्या नजरेने सांगता येत नाही. पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते कळतं. निळ्या पडल्या असतील तर त्या तापलेल्या आहेत. स्प्रिंगांची लांबी घटलेली असते, म्हणून नव्या प्लेटांबरोबर नव्या स्प्रिंगाच बसवाव्यात. ज्या बास्केटमध्ये प्लेटांचे कान सरकतात तिच्या कडांना खाचा पडल्या असतील, तर नव्या प्लेटा त्यांत अडकतात आणि क्लच धरायला लागतो. मग ‘नवीन प्लेटा टाकूनही काही फरक नाही’ अशी तक्रार घेऊन आपण परत येतो. नव्या अस्तराच्या प्लेटा काही तास ऑइलमध्ये भिजवूनच बसवायला सांगा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळू शकतात. आणि नव्या प्लेटा बसल्या की चळतीची उंची वाढते, म्हणून केबलची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हे विसरलं जातं.

प्लेटा लवकर जाण्याची चालवण्यातली कारणं सगळ्यांना माहीत आहेत: लिव्हरवर सतत दोन बोटं, चढावरच्या सिग्नलला ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी धरणं, तीन सीट घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उचलणं. त्यावर अधिक लिहून उपयोग नाही.

आणि तुटलीच तर

लांबच्या प्रवासाला निघताना नवी केबल जुन्या केबलला लागूनच, त्याच मार्गाने टाकून ठेवा आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने झाकून बांधा. टाकी खाली न उतरवता, रस्त्याच्या कडेला, फक्त दोन निपलं बदलली की काम होतं. लडाखला जाणारे हे हटकून करतात, पण रत्नागिरीला जाणाऱ्यानेही करायला हरकत नाही. जुनी काढून नवी जोडली की आवरण बसेपर्यंत मोकळीक वाढते, म्हणून दोन-चार दिवसांनी पुन्हा मोजा.

जादा केबल नसेल आणि जवळच्या गॅरेजपर्यंत पोचायचं असेल, तर क्लचशिवायही गाडी चालवता येते, पण ओळखीच्या गाडीवर, रिकाम्या रस्त्यावर आणि मागे कुणी नसताना. इंजिन न्यूट्रलमध्येच चालू करा. गाडीवर बसून पायांनी ढकलत तिला थोडा वेग द्या, उताराची मदत मिळाली तर उत्तम, आणि मग पहिला गिअर टाका. झटका बसेल, हात हँडलवर पक्के ठेवा. वरचा गिअर टाकताना पायाने आधीच हलका दाब द्या आणि थ्रॉटल क्षणभर मिटा, भार सुटताच गिअर सरकतो. खाली येताना थ्रॉटलचा छोटा ठोका द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना जमत नाही. म्हणून वेग कमी करत न्यूट्रलला येणं सोपं. थांबायची वेळ दूरवरून ओळखा. न्यूट्रल मिळालं नाही तर गाडी बंद पडू द्या किंवा किल स्विच दाबा, आणि ती कडेला घ्या. बाजारपेठ किंवा टोलनाका आडवा आला, तर तेवढं अंतर गाडी हाताने ढकलत न्यायची.